चार भिंती, चार पिवळे

अकोल्याहून अमरावतीला निघालेल्या एसटीत ज्योत्स्नाचा डोळा लागत होता. पण पुढच्या सीटवरचे रंगकामाचे दोन ठेकेदार, देवमन आणि बंडू, झोपू देतील तर ना!

“बंडू, आमच्या पेंटर संघटनेत ये.”

“कावून? माये गिऱ्हाईक पळवाले?”

“अबे, लग्नघराचं काम अर्धं अन् माया पाय मोडला. संघटनेतले चौघं धावून आले. हॉल रंगवला, पण गिऱ्हाईक मायंच राहिलं.”

“खरं सांगतं?”

“फक्त ज्यानं त्यानं आपल्या हातानं पिवळा कालवला. चार भिंती, चार पिवळे!”

“मालक खवळला असन!”

“खवळला, पण पाहुण्याइले लय आवडलं. आता शेजाऱ्यालेबी तसाच हॉल पाहिजे. चौघाइलेबी बोलावून राहिलो.”

“अन् छत?”

“म्हणून तं तुले म्हणून राहिलो, ये!”