फुलेसर बाबू गेले आणि आमची गुढी

आणि मरायचंच होतं, तर मी म्हणते, पाडव्यालाच मरायला हवं होतं का हो? वर्षाचे एवढे दिवस पडलेत, पितृपक्ष आहे, अधिक महिना आहे, माघातली कडाक्याची थंडी आहे, तिच्यात चांगली चांगली माणसं पटापट जातात... पण नाही! फुलेसर बाबूंनी जन्मभर दुसऱ्याच्या जागेत पाय घातला, तसा जाता जाता आमच्या सणात घातला!

फुलेसर बाबू कोण म्हणता? अहो, तुम्ही देशावरची माणसं, काशीला येता, विश्वनाथाला पाणी घालता, दशाश्वमेधावर नावेत बसता, बोरं खाता आणि जाता, तुम्हाला कुठून माहीत असणार! आमच्या भागातला मोठा पुढारी. गायघाटाकडे कोठी, दारात चार माणसं मिशांना पीळ देत बसलेली. अर्ध्या गल्लीला त्याने नळ दिला आणि उरलेल्या अर्ध्या गल्लीचा त्यासाठी तोडला. खालच्या छेदी सरदाराच्या, म्हणजे आमच्या दहीवाल्याच्या मुलाला त्याने एका शब्दावर कोठडीतून सोडवलं, आणि समोरच्या बचानू सावच्या, म्हणजे हलवायाच्या, दुकानाचा ओटा तशाच एका शब्दावर पाडला. झालं! छेदी त्याला देव म्हणायचा आणि बचानू... जाऊ दे, बचानू काय म्हणायचा ते सणासुदीचं कशाला तोंडातून काढू! आणि आम्ही? आम्ही कोणाचेच नाही हो. मंगला गौरीच्या देवळामागे वरच्या मजल्यावरची मराठी माणसं. आमचे हे, म्हणजे विश्वेश्वरपंत, जन्मभर मुलांना संस्कृत शिकवलं, आणि घरात बोलायचं झालं तर एकच अक्षर. ‘हूं’. चहा हवा का? हूं. घर पडतंय का? हूं.

तर त्या पाडव्याला आमच्या मालविकेचा, माझ्या नातीचा, साखरपुडा. मुलगा आदित्य, जबलपूरचा, तिथेच नोकरीला. साडेतीन मुहूर्तांतला दिवस, म्हणून मीच तो धरून ठेवला होता. आणि खरं सांगू? त्याआधी एक स्थळ असंच ‘जरा पुढे ढकलू’ म्हणत म्हणत असं ढकललं गेलं, की मुलाला पोर झाल्याचे पेढेच आले घरी! त्यामुळे ह्या वेळी, जग बुडालं तरी साखरपुडा आजच, असं मी मंगला गौरीला सांगून आले होते. आणि मालविकेला तो मुलगा मनापासून आवडला होता. बोलली नाही कधी, पण त्याचं नाव निघालं की उगाच तांदूळ निवडायला बसायची. निवडलेलेच!

आता गुढी. दर वर्षी आमची गुढी मागच्या गच्चीवर, गंगेच्या बाजूला. पण काशीची माकडं तुम्हाला माहीत आहेत का? गेल्या वर्षी पहिल्याने बताशांची माळ पळवली. इथे साखरगाठी कुठली मिळायला, आम्ही आपले बताशे ओवतो. दुसऱ्याने लोटा पळवला, आणि तिसरा तोच लोटा डोक्यावर घालून शिंदे घाटापर्यंत मिरवत गेला. म्हणून ह्या वर्षी मी म्हटलं, गुढी पुढच्या खिडकीला, गल्लीवर! येणाऱ्या व्याह्यांनाही दिसेल. माझ्या लग्नातला मोतिया शालू काढला, जुना होऊन पांढुरका पडलेला, पण जर कशी लखलखीत! कडुलिंबाची डहाळी बांधली, माळ घातली, वर लोटा पालथा घातला, सूर्य उगवायला गुढी उभी. हात जोडले. आणि जोडलेले हात सोडते न सोडते, तो गल्लीत रिक्षावरचा भोंगा. ‘बड़े दुख के साथ सूचित किया जाता है...’

झालं! खाली धडाधड दुकानांची दारं बंद. सूनबाई, शरदिनी, धावत आली. “आई, गुढी उतरवा! गल्लीत मरण झालंय, आणि आपण जर लावून बसलोय! लोक म्हणतील काय?” मी म्हटलं, अगं, सूर्य मावळायच्या आत गुढी उतरवायची? आणि आज? पोरीच्या साखरपुड्याला? त्याचं दुःख त्याच्या घरी, आमचा आपला पाडवा! “मग मामंजींना विचारा,” म्हणते. विचारलं. हूं.

तर पहिला आला छेदी सरदार. एवढा अगडबंब माणूस, जिना चढून आला तो रडतच. मला वाटलं आता हा खिडकीतून गुढी फेकतोय, आणि मागोमाग मला. तर तो माझ्या पायाशीच बसला! “अम्मा! एक आप ही समझीं! बाकी सब बस दुकान का पल्ला गिराके बैठे हैं, और आपने... आपने लोटा ही उलट दिया! नीम टांग दी! सफेद चादर टांग दी!”

सफेद चादर? माझा शालू?

आता तुम्हीच सांगा, त्याची तरी काय चूक? मसणातून आल्यावर माणूस कडुलिंब चावतो, पालथं भांडं म्हणजे घरात अन्नपाणी बंद... त्याला बिचाऱ्याला गुढी काय ठाऊक! मी म्हटलं, “अरे छेदी, वो नहीं है रे, ई हमारा पाडवा है!” तर तो आणखी हुंदके देत, “हाँ अम्मा, पहाड़ ही टूटा है!” आणि मालविका दाराआड तोंडात पदर कोंबून उभी. जाताना म्हणाला, “गमी का घर है,” म्हणजे सुतकाचं, “आप के लिए दुकान का पिछला दरवाजा खुला है, जो चाहिए मंगवा लीजिए.” आणि बाजार कडकडीत बंद असताना आमच्या घरी दह्याचं मडकं आलं, दूध आलं, झेंडूच्या माळा आल्या, आणि वर चार केळीही आली. आता नको कसं म्हणू? श्रीखंड व्हायचं होतं हो!

तो खाली उतरतोय न उतरतोय, तो मागच्या जिन्याने दुसरा. बचानू साव! शालीखाली काहीतरी लपवून, मांजरासारखा पाय टाकत. आल्या आल्या साष्टांग नमस्कार. “दादी, कलेजा हो तो आप जैसा! सारी गली डर के मारे रोनी सूरत बनाए बैठी है, और आपने बीच गली में रेशम का झंडा गाड़ दिया! माला पहना दी! ऊपर से कलसा! गली में एक ही मरद है, आप!” आणि शालीखालून काढली परात. बुंदीचे लाडू. गरम! म्हणजे बाहेर टाळं लावून आत भट्टी पेटलेली! मी कपाळाला हात लावला. “बचानू, ई वो झंडा नहीं है बाबा, हमारा आपला पाडवा है!” तर तो डोळा मिचकावून, “समझ गया, दादी. कोई पूछे तो यही बोलूंगा. पाडवा है!”

आता बघा, पुढच्या जिन्याने रडणारे येताहेत, मागच्या जिन्याने हसणारे, आणि मधे मी! पुढे गेले की पदर डोळ्याला, मागे गेले की पदर तोंडाला. शरदिनी म्हणाली, “आई, दोघं एकदम आले तर?” मी म्हटलं, लाडू श्रीखंडाच्या मागे ठेव.

पण खरा घाव पुढेच होता. व्याही आले. श्रीरामपंत, रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर, टाय लावणारा माणूस, त्यांचं कुटुंब इंदूताई, आणि आदित्य. बंद बाजारातून सामान उचलून चालत आलेले, घामाने निथळत, चेहरे आंबलेले. पन्हं दिलं, पेला खालीसुद्धा ठेवला नाही आणि श्रीरामपंत म्हणतात, “आजी, वातावरण काही बरं दिसत नाही. रस्त्यात पोलीस, दुकानं बंद. आजचं आपण... जरा पुढे ढकलू या. अक्षय्य तृतीयेला बघू.”

ढकलू या! तुम्हाला सांगते, मला ते पेढेच आठवले. ‘बघू’ म्हणजे काय ते मला विचारा! इंदूताई खाली बघत होत्या, आदित्य मालविकेकडे, मालविका तांदळाच्या ताटाकडे... आणि आमचे हे? हूं. मी म्हटलं, “अहो पंत, त्याचा आपला काय संबंध? कोण तो, कुठला! आमचा आपला पाडवा!” “तसं नाही आजी,” ते म्हणाले, “आपण परकी माणसं, उगीच कोणाच्या डोळ्यावर यायला नको. तुमचं इथं कोण आहे?” खरंच हो... पिढ्यान् पिढ्या काशीत राहून आमचं इथं कोण आहे?

आणि तेवढ्यात आवाज आला. ‘राम नाम सत्य है!’ मिरवणूक! गायघाटाकडून मणिकर्णिकेला निघालेली, अख्खी गल्ली भरून. आम्ही सगळे खिडकीत. पुढे बॅन्ड, काशीत म्हातारं माणूस गेलं की बॅन्ड लागतोच, मागे टोप्या, हार, पोलीस, आणि खांद्यावर फुलेसर बाबू, फुलांत बुडालेले. काय सांगू, गेलेला माणूस किती गरीब दिसतो... मी आपले हात जोडले. शत्रू असो, मित्र असो, मणिकर्णिकेला निघाला की विश्वनाथाचा पाहुणा!

आणि आमच्या खिडकीखाली येऊन छेदी सरदार बैलासारखा ओरडला, “रुको! यहाँ रुको! इस घर ने साहब के लिए लोटा उलट दिया है!”

आणि थांबली हो! अख्खी मिरवणूक थांबली! बॅन्ड थांबला. एवढाले पुढारी, जे खाली बघून चालत नाहीत ते वर बघायला लागले, आणि आमच्या गुढीला हात जोडले! कोणी तरी तिरडीवरचा हार काढून वर फेकला, तो बरोबर लोट्यावर जाऊन बसला. समोरच्या खिडकीतून बचानू साव हात जोडून उभा, डोळ्यांत पाणी, पण हसू दाबून दाबून आलेलं. रडणारा वेगळ्या कारणाने, हसणारा वेगळ्या कारणाने, पण नमस्कार सगळ्यांचा माझ्या शालूला! पोलीस इन्स्पेक्टरने टोपी काढली. इन्स्पेक्टरने!

मिरवणूक पुढे गेली. श्रीरामपंतांनी टाय सारखा केला, हळूच ह्यांच्याकडे वळले आणि एकदम खालच्या पट्टीत म्हणाले, “विश्वेश्वरपंत, म्हणजे... तुमचा एवढा घरोबा होता?”

मी तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं! ‘अहो, कसला घरोबा,’ असं अगदी जिभेवर आलं होतं. पण माझ्या आधी ह्यांचं तोंड उघडलं.

“हूं.”

संपलं! श्रीरामपंत उभेच राहिले. “अहो, मग आधी नाही का सांगायचं! इंदू, ओटीचं सामान काढ. मुहूर्त कशाला चुकवायचा? अशा घरचा मुहूर्त!” आणि झाला हो साखरपुडा! छेदीच्या दह्याचं श्रीखंड, बचानूचे लाडू, छेदीच्या झेंडूच्या माळा. मालविकेच्या बोटात अंगठी घालताना आदित्यने आधी भलतंच बोट धरलं, तेव्हा ती पहिल्यांदा सगळ्यांसमोर हसली. बास. मला आणखी काय हवं होतं? संध्याकाळी हळदकुंकू वाहून गुढी उतरवली, गूळ-कडुलिंब सगळ्यांच्या हातावर ठेवला. इंदूताईंनी तोंड वाकडं करून खाल्ला, पण खाल्ला.

पोर सुखात आहे बरं का. सासरी लाडकी आहे, ह्या दिवाळीला तिचं डोहाळजेवण. तक्रार कसली करू? पण त्या दिवसापासून व्याह्यांचा फोन आला की मला धडकी भरते. गल्लीच्या तोंडाशी एसटीडी बूथ आहे ना, तिथला माणूस हाका मारतो, “दादी, जबलपूर!” मी धापा टाकत जाते, आणि पलीकडून श्रीरामपंत, लोण्यासारखा आवाज, “आजी, पुतण्याची बदली झाशीला करतायत, जरा तुमचं वजन टाका... आजी, साडूंना टेलिफोन लवकर मिळायला हवा, एक शब्द टाका... आजी, तुमच्या ओळखीवरच आमची भिस्त!” मी म्हणते, “हो हो, बघते, सांगते कोणाला तरी.” सांगू कोणाला, कपाळ! उभ्या काशीत माझी ज्या एका माणसाशी ओळख आहे असं सगळे समजतात, तो मेला. आणि जिवंत होता तेव्हा तोही मला ओळखत नव्हता!