चहासकट भाडं

आटपाट हैदराबाद. तिथं मलकपेठेत नामदेवराव आणि गंगू राहत होते. नामदेवराव गेले, गंगू उरली, ती मी, आणि उरली माडीवरची एक खोली, ती नातवानं, तेजसनं, फोनवर भाड्याला लावली, दोन दिवस या, चार दिवस राहा... इथवर कहाणी बरी होती हो, पण तुम्हाला सांगते, एक दिवस त्याच फोनवर सरकारचा निरोप आला, गंगूबाई, तुमच्या नावावर कमाई दिसते, हिशेब द्या. तेव्हापासून माझी झोप गेली ती गेलीच.

तेजस म्हणतो, "आजी, खोली बंदच करून टाकू." बंद कशी करू? जन्मात पहिल्यांदा औषधासाठी कुणापुढं हात पसरत नाही मी. मग गेलो आबिड्सला, तिथं कुलदीप म्हणून एक कराचे कागद भरून देणारा आहे. मी आपलं सहज विचारलं, बाबा, पाहुण्यांना मी चहापोहे देते, त्याचं काही होतं का? त्यानं पेनच खाली ठेवला. "चाय भी देते आप? अम्मा, नुसती खोली असती तर घरभाडं म्हटलं असतं. चादरी बदलता, नाश्ता देता, मग हा व्यवसाय धरतील. दूध, पोहे, सबके बिलां लगाओ."

आता दूधवाला कधी बिल देतो का? म्हटलं, लिहून घे, मला सगळं तोंडपाठ आहे, संक्रांतीला विजयवाड्याची माधवी, दोन रात्री, तीन कप, बिनसाखरेचे... "तोंडी चलता नहीं, अम्मा." मग तुम्हीच सांगा, दारात आलेल्या माणसाला कोरडं कसं ठेवायचं?

ठेवून पाहिलं, खोटं कशाला बोलू. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आलेले एक म्हातारे मास्तर वर खोलीत, मी खाली, आणि माझाच चहा माझ्या घशाखाली उतरेना... शेवटी कप घेऊन जिना चढले. म्हटलं, "हा भाड्यातला नाही, घरात जास्तीचा झालाय. कुणी विचारलं तर मी दिलाच नाही." ते बिचारे, एका डोळ्याला पट्टी, पदराआड लपवावा तसा उपरण्याआड कप लपवून प्यायले. अहो, दारात आलेल्या माणसाला चोरून चहा पाजायची वेळ आली माझ्यावर.

परवा कुलदीप कागद घेऊन घरी आला. मी देवापुढं बसलेली, म्हटलं खोली गेली, औषध गेलं. तर म्हणतो, "अम्मा, शून्य. तुमची कमाईच एवढीशी, घरभाडं धरा नाहीतर व्यवसाय धरा, कर शून्यच."

मग चार महिने माझा जीव टांगून का ठेवलास रे बाबा?

"आपने चाय का पूछा ना."

असो. जसं शून्य गंगूला पावलं तसं तुम्हा सगळ्यांना पावो. शून्य सांगायचे दोन हजार घेतले त्यानं. म्हटलं, पावती दे. तर म्हणतो, "घरकेच हैं ना अम्मा, पावती कायकू?"

दारात आलेला माणूस... ठेवला त्याच्यासाठीही चहा.