हलकी काडतुसं

नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात एक्स-रेसाठी ताटकळून उर्वी पार कंटाळली होती. शेजारी बसलेले दमलेले बापलेक मराठीत बोलू लागले, तसे तिने हळूच हेडफोन काढले.

"बाबा, माझी काडतुसं हलकी भरा ना. पावडर कमी घाला."

"चैत्राली, घरी भरतो म्हणून वाटेल तेवढी कमी नाही करता येत. हरणासाठी किती जोर हवा, ते कायद्याने ठरलंय."

"मग कायद्याइतका ठेवा, तुमच्याइतका नको. खांदा बघा, काळानिळा झालाय."

"होईल गं सवय. शनिवारी हरणी टिपलीसच की."

"डोळे मिटून टिपली."

"काय?"

"बंदुकीच्या धक्क्याच्या भीतीने आधीच मिटतात. म्हणून तर ती जखमी होऊन पळाली. कुत्रा घेऊन दुपारभर शोधत फिरलो ना आपण?"

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही शिकारीच्या क्लबात सगळ्यांना सांगत होतात, पोरगी माझीच काडतुसं उडवते म्हणून."



"आज घरी गेलो की हलकी भरतो."

"आणि क्लबात काय सांगाल?"

"सांगेन, वय झालं, माझा खांदा दुखतो. आता दोघांनाही हलकीच."