चासीवर शिलाईची रेघ

…अहो, करवत काय डोळे मिटून चालवायची असते? तीही लोखंडावर? तुम्हाला सांगते, एक होता हेकेखोर फिटर, एक त्याचा कारकून मुलगा, एक शिवणकाम करणारी सून, अंगाने चवळीची शेंग नि जिभेने अडकित्ता, आणि या तिघांच्या पडवीत एक जुनीपुराणी मोटार. ऐकून घेणारं माणूस मात्र त्या घरात एकही नव्हतं.

म्हाताऱ्याने चाळीस वर्षं लोकांच्या गाड्या पळत्या केल्या, स्वतः शर्यतीत एकदाही बसला नाही. आता डोंगरावर जुन्या गाड्यांची शर्यत निघाली, म्हातारा पेटला. मुलगा म्हणाला, "बाबा, ही वर चढली नाही तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला बोलावणार." म्हातारा म्हणाला, "बोलाव. त्याला बसायला खुर्ची दे, मी वरून येईपर्यंत."

आता चासी म्हणजे काय, तर गाडीचा लोखंडी सांगाडा. तो लांबलचक असला की गाडी वळणावर म्हशीसारखी अडते. म्हणून जुने शर्यतवाले त्याचा मधला तुकडा कापून काढत, मग टोकावर टोक चढवून रिवेटचे खिळे ठोकत. शर्यतीचा नियमच तसा, सगळं त्या काळच्या रीतीने, वेल्डिंगचं नाव काढायचं नाही. पण म्हाताऱ्याला जवळचं दिसतंय कुठे? मापं घ्यायला सून बसली खडू घेऊन. तिने हात चालतो तशा रेघा मारल्या, एक शिलाईची, तिच्या आत, काढायच्या तुकड्याकडे, चार बोटांवर एक कापायची. दोन्ही टोकांना. "बाबा, आतल्या रेघेवर कापा, बाहेरची शिलाईची आहे, तेवढं लोखंड जोडाला राहू दे," एवढं बोलली नि गिऱ्हाईक आलं म्हणून आत गेली…

ऐकलं असेल? ऐकून घेणारं माणूसच नव्हतं ना त्या घरात. म्हाताऱ्याने बरोब्बर शिलाईवर करवत लावली. दोन्हीकडे.

सून बाहेर आली, बघते तर टोकाला टोक जेमतेम भिडतंय, चढवायला लोखंडच नाही. "बाबा, ब्लाउज असता तर गिऱ्हाइकाने मला झोडपलं असतं." मुलगा म्हणाला, "मधे पट्टी टाका." "ठिगळ? माझ्या गाडीला?" म्हातारा गरजला, आणि टोकं आणखी आत सरकवून रिवेट ठोकून मोकळा झाला. गाडी आठ बोटं आणखी आखूड. मागची चाकं फिरवणारा दांडाही तेवढाच आखूड केला, टाकी सरकवली, बैठक बसवली. मग म्हातारा आत बसायला गेला…

पोट स्टिअरिंगच्या चाकाला अडलं हो. चाक फिरेना. श्वास आत घेतला तर गुडघे कानाशी. चार दिवस एकवेळ जेवला, पोट तसंच, तेही हट्टी. पाचव्या दिवशी गाडीशेजारी जमिनीवर बसून राहिला. मुलाने भंगारवाल्याचा नंबर शोधायला घेतला.

तेव्हा सुनेने पदर खोचला, आत बसली. चाक हातात, पाय पेडलवर, जशी अंगावर बेतलेली. गाडी चालवायला सासऱ्यानेच शिकवलं होतं तिला. मुलगा म्हणाला, "तू? लोक काय म्हणतील?"

"अहो, लोकांना वर चढून येऊ दे आधी, मग म्हणतील."

"मशीनवरची कामं कोण करील?"

"तुम्ही काजं करा, सोपी असतात."

सासऱ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, मी जाणार आहे." म्हाताऱ्याने तोंड फिरवून डोळे पुसले, म्हणाला, "तिसऱ्या वळणावर ब्रेक दाबू नकोस, गियर उतरव." तेवढं एक मात्र तिने ऐकलं.

आणि लांबलचक गाड्या प्रत्येक वळणावर मागेपुढे, मागेपुढे, आणि ही आखूड ठेंगणी गर्रकन फिरून वर. पहिली आली, तुम्हाला सांगते, पहिली.

आता पडवीत तीन चाश्या उभ्या आहेत लोकांच्या, मुलगा नंबर लावून घेतो, पाहुण्यांना पाणी देतो. म्हातारा प्रत्येकाला म्हणतो, "अहो, चार बोटं मोठी ठेवू, आरामात बसाल." गिऱ्हाईक म्हणतं, "छे, पहिली आली तेच माप." त्याचं तिथेही कोणी ऐकत नाही. घरात भाग्य आलं हो, नाही कसं म्हणू… पण त्यातही म्हाताऱ्याचं पोट काही मावलं नाही.