पात्याच्या पोटातले थर

...नाही हो ताई, पट्टा नीट आवळू द्या आधी — गुडघ्याखाली पायाऐवजी हे पातं लावून उद्या शर्यत धावायचीय तुम्हाला, माझं काय जातंय! साहेब म्हणतात, गिऱ्हाइकाशी बडबडू नकोस, पातं बसव आणि सही घे. त्यांना काय, जाहिरातीला फोटो हवाय. बाहेरून कसं काळंभोर, गुळगुळीत — आणि आत? कापड! कार्बनचं कापड, थरावर थर, मध्ये चिकटवायला राळ. बिघडतं ते आतून, थर सुटत जातात आणि वर ओरखडासुद्धा नाही — आमच्या घरासारखंच. बायको माहेरी जाऊन बसलीय, शेजाऱ्यांना पत्ता नाही! असो, तुम्हाला कशाला सांगतोय.

तर थर कधी सुटतील, हे मी कम्प्युटरवर बघतो. थरांमध्ये खोटी राळ भरायची, तिला बजावायचं की एवढा ताण आला की सोड — आणि मग खोट्या मैदानावर तुम्हाला पळवायचं. सोपं वाटतं? अहो, थर सुटायला लागला रे लागला की ते यंत्र हटून बसतं, उत्तरच देत नाही! मागे साहेब — झालं का, झालं का. मग काय करायचं? राळेला थोडा उसना चिवटपणा द्यायचा. म्हणजे ती एकदम न तुटता रेंगाळत तुटते आणि गणित गुमान पुढे सरकतं. लबाडी नाही हो, सगळेच करतात! नंतर तो उसना चिवटपणा काढत न्यायचा, पुन्हा चालवायचं, उत्तर तेच आलं तर खरं. आणि काल काय सुरेख चाललं म्हणता — एक थर हलला नाही! साहेबांनी पाठीवर थाप मारली, म्हणाले, मशीन बंद कर, पातं पॅक कर. मारा, मारा उडी, बघा कसं उसळतं. इतकं चिवट पातं मी आजवर... इतकं चिवट...

थांबा. उडी नको. काढला का मी तो उसना चिवटपणा काल? थाप मारली, मी बंद केलं, आणि — बसा. बसा म्हणतो ना! काही विचारू नका. शर्यत गेली खड्ड्यात, साहेबही गेले खड्ड्यात. पट्टा सोडा, पातं द्या इकडे, आणि तुमचं जुनंच घालून निघा. निघा, ताई.