कातडीतला फुकट्या

दवाखान्याच्या बाकावर माझ्याशेजारी निवृत्त कंडक्टरबाई आणि त्यांची कॉलेजातली लेक बसल्या होत्या. बाईंच्या गर्भाशयमुखाच्या तपासणीत गेल्या वर्षी एचपीव्ही हा पुढे कर्करोग करू शकणारा विषाणू सापडला होता. यंदाही निघाला, तर पुढच्या तपासण्यांचं लचांड मागे लागणार होतं.

"अगं, पण माझ्या शरीराला पत्ताच कसा लागला नाही?"

"आई, तो रक्तात उतरतच नाही. वरच्या कातडीत राहतो. पेशी फोडत नाही, सूज आणत नाही. मग आतले पहारेकरी धावणार कशाला?"

"कळलं. फुकट्या! विनातिकीट माणूस कधी भांडत नाही. खिडकीशी डोळे मिटून बसतो."

"आणि कातडी झडली की तिच्याबरोबर गुपचूप बाहेर."

"पण माझ्या गाडीत असले फुकटे सापडायचेच गं."

"शरीरालाही बहुतेकदा सापडतो. वेळ लागतो, एवढंच."

"मावशी," नर्स दारातून म्हणाली, "रिपोर्ट आला. विषाणू गेला!"

"उतरवला मेल्याला! सिस्टर, आता हिला लस टोचा. हिचं शरीर त्याला दारातच ओळखू दे."

"आई गं! सुई नको!"

"बघा सिस्टर. विषाणू वर्षभर मुक्काम ठोकून बसला, तरी माझं अंग गप्प. आणि ही पोरगी सुई दिसायच्या आधीच अख्खा दवाखाना गोळा करते!"