पुढे केलेले पाय

दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजोबा आणि त्यांची मुलगी बसली होती. चार वर्षांची नात वजनकाट्यावरून उतरून, बूट हातात घेऊन त्यांच्यामध्ये येऊन बसली.

"बालवाडीतल्या बाई काय म्हणाल्या?"

"रंग ओळखते, गाणी म्हणते, गोष्ट तर तिखटमीठ लावून सांगते."

"सांगणारच. नात कोणाची आहे?"

"पुढचं ऐका, बाबा. घरी निघताना सगळी मुलं आपापले बूट घालतात. ही खुर्चीवर बसते आणि पाय पुढे करते."

"लहान आहे गं ती."

"बाकीची काय मोठी आहेत? बाई महिनाभर लांबून बघत होत्या. म्हणाल्या, हिला जमणार नाही असं नाही, हिच्या अंगावर कधी पडलंच नाही."

"म्हणजे खापर माझ्या डोक्यावर."

"माझ्यासुद्धा. सकाळच्या घाईत मीच घालते ना. आता कोणी घालायचे नाहीत."

"बरं, उद्यापासून."

"आत्तापासून."

"आजोबा, पाय."

"बाळा, आज तुझे तू घाल."

"आजोबा, पाय."

"बाबा, हात मागे घ्या."

"घेतले. अगं, पण उलटा घालतेय ती."

"घालू दे. टोचला की कळेल तिला."

"टोचतोय."

"मग काढ, आणि दुसऱ्या पायात घालून बघ."

तेवढ्यात नर्सने दार उघडलं. "चला आजोबा, तुमचा नंबर."

आजोबांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. मानेनेच त्यांनी माझ्याकडे खूण केली.

"यांना आधी घ्या, सिस्टर. आमचा अजून एक बूट राहिलाय."